मार्चमधले नऊ होम रन

२०१५ च्या मार्चमध्ये ॲरिझोना राज्यातल्या मेसा इथे शिकागो कब्ज या बेसबॉल संघाचं हंगामपूर्व शिबिर चालू होतं. तिथे क्रिस ब्रायंट या २३ वर्षांच्या फलंदाजाने ४० प्रयत्नांत १७ हिट (बाद न होता जमलेले फटके) मारले आणि त्यांतले ९ होम रन, म्हणजे थेट कुंपणापार गेलेले फटके, होते. त्या महिन्यात मेजर लीग या सर्वोच्च बेसबॉल लीगच्या तीस संघांमध्ये इतके होम रन दुसऱ्या कुणाच्याच नावावर नव्हते. ३० मार्चला संघाने त्याला मुख्य शिबिरातून काढून खालच्या लीगच्या शिबिरात पाठवलं. हावियर बाएझ आणि ॲडिसन रसेल या दोन तरुण खेळाडूंनाही त्याच दिवशी खाली पाठवण्यात आलं. बाएझचं कारण एक होतं, ब्रायंटचं अगदी वेगळं. ही दोन कारणं कळली की बेसबॉलच्या संघनिवडीचं बरंचसं गणित कळतं.

दरवर्षी फेब्रुवारीच्या मध्यावर मेजर लीगचे पंधरा संघ ॲरिझोनात आणि पंधरा फ्लोरिडात जमतात. पिचर (चेंडू फेकणारे) आणि कॅचर (तो झेलणारे) आधी येतात, कारण पिचरचा हात तयार व्हायला सगळ्यात जास्त दिवस लागतात. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या अखेरीपर्यंत प्रत्येक संघ तीसच्या आसपास सराव सामने खेळतो. शिबिरात साठेक खेळाडू असतात आणि हंगामाच्या पहिल्या दिवशी संघात २६ जणच राहतात. २०१५ मध्ये हा आकडा २५ होता, २०२० पासून २६ झाला. आताच्या नियमाप्रमाणे त्यांत पिचर जास्तीत जास्त १३. या २६ पैकी वीसएक नावं फेब्रुवारीतच ठरलेली असतात. खरी चुरस असते ती पाचव्या स्टार्टिंग पिचरच्या (सामन्याची सुरुवात करणाऱ्या पिचरच्या) जागेसाठी, बुलपेनमधल्या, म्हणजे नंतर येणाऱ्या रिलीफ पिचरच्या, शेवटच्या एकदोन जागांसाठी आणि राखीव फलंदाजाच्या एखाद्या जागेसाठी.

आता आकड्यांकडे वळू. शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण एका पातेल्यातला भात सगळीकडे सारखाच शिजतो. फलंदाजाचे प्रयत्न तसे एकसारखे नसतात. ज्याचं खरं कौशल्य ०.२५० चं आहे, म्हणजे जो दर चार प्रयत्नांत सरासरी एक हिट मारतो, असा एक फलंदाज घ्या. मार्चमध्ये त्याला ६० प्रयत्न मिळाले, तर अपेक्षित हिट १५. पण निव्वळ योगायोगाने हा आकडा साधारण तीन-साडेतीनने वरखाली होतो, आणि ९ पासून २१ पर्यंतचं काहीही नेहमीच्या घटबढीतच मोडतं. ९ हिट म्हणजे सरासरी ०.१५०, २१ हिट म्हणजे ०.३५०. पहिल्याला वर्तमानपत्रं संपलेला म्हणतील आणि दुसऱ्याला नवा तारा. कौशल्य मात्र दोघांचं सारखंच असू शकतं.

अशा फलंदाजाने केवळ नशिबाने ०.३५० किंवा त्याहून जास्त सरासरी गाठण्याची शक्यता शंभरात पाचच्या आसपास आहे. ती कमी वाटते. पण प्रत्येक संघात जागेसाठी झगडणारे असे चार फलंदाज धरले, तर तीस संघांचे १२० झाले. त्यांतले सहाएक जण कौशल्यात तसूभरही फरक न पडता मार्चमध्ये तळपणारच, आणि आपल्या डोळ्यांत भरतात ते नेमके तेच सहा. रांगेतला सगळ्यात वरचा आकडा निवडला की त्याच्यासोबत नशिबाचा मोठा वाटाही आपोआप निवडला जातो. पुढच्या महिन्यांत तो आकडा सरासरीकडे घसरतो. याला खेळाडूची ढिलाई म्हणणं अन्यायाचं आहे. २०११ च्या मार्चमध्ये बाल्टिमोर ओरिओल्सच्या जेक फॉक्सने १० होम रन मारले आणि संघात जागा मिळवली. त्या हंगामात मेजर लीगमध्ये त्याच्या खात्यावर फक्त २ होम रन जमा झाले.

मग मार्च पाहायचाच नाही का? पाहायचा, पण कुठला आकडा किती लवकर बोलका होतो ते ओळखून. बेसबॉलचे संशोधक रसेल कार्लटन यांनी हेच मोजलं. खेळाडू-खेळाडूंतल्या फरकात निम्मा वाटा कौशल्याचा आणि निम्मा योगायोगाचा, ही स्थिती यायला किती प्रयत्न लागतात, असा त्यांचा प्रश्न होता. फलंदाजाच्या स्ट्राइकआउटच्या, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद होण्याच्या, प्रमाणाला सुमारे ६० प्रयत्न पुरतात. वॉकला, म्हणजे चार चेंडू बाहेर पडल्यामुळे न मारताच पुढे जायला मिळण्याला, १२०, होम रनला १७० लागतात. आणि ज्या बॅटिंग सरासरीकडे सगळे डोळे लावून बसतात तिला तब्बल ९१०, म्हणजे दीड हंगामापेक्षा जास्त.

याचा वापर घरबसल्या करता येतो. झालेल्या प्रयत्नांना, झालेले प्रयत्न अधिक तो स्थिरतेचा आकडा, या बेरजेने भागायचं. जे उत्तर येईल तेवढाच विश्वास मार्चवर ठेवायचा आणि उरलेला लीगच्या सरासरीवर. ६० प्रयत्नांत ०.३५० मारणाऱ्याचा हिशोब असा: ६० भागिले ९७०, म्हणजे जेमतेम ६ टक्के. लीगची सरासरी ०.२४५ धरली तर आपला अंदाज ०.२५१ होतो. महिनाभराच्या आतषबाजीतून पदरात पडतात ते सहा हजारांश! स्ट्राइकआउटचं मात्र वेगळं. लीगमध्ये २२ टक्के आणि या फलंदाजाचे मार्चमध्ये १४ टक्के असतील, तर विश्वास निम्मा, अंदाज १८ टक्के. हा बदल मोठा आहे आणि व्यवस्थापक त्याची दखल घेतात. अर्थात फलंदाजाबद्दल दुसरं काहीच माहीत नाही असं गृहीत धरून केलेला हा हिशोब आहे. ज्याचे मागचे तीन हंगाम हाताशी आहेत त्याच्या बाबतीत लीगच्या सरासरीऐवजी त्याचीच जुनी कामगिरी धरायची, म्हणजे मार्चचं वजन आणखी घटतं. २०१५ मध्ये पत्रकार डॅन रोझेनहेक यांनीही दाखवलं की सराव सामन्यांतले स्ट्राइकआउट आणि वॉकचे आकडे पुढच्या हंगामाच्या अंदाजात थोडी पण खरी भर घालतात.

बाएझ खाली का गेला ते इथे कळतं. २०१४ मध्ये मेजर लीगमधल्या पहिल्या २२९ प्रयत्नांत तो ९५ वेळा स्ट्राइकआउट झाला होता. हे प्रमाण ४१ टक्के, लीगच्या साधारण दुप्पट. ६० प्रयत्नांत स्थिरावणारा आकडा २२९ प्रयत्नांनंतरही इतका वाईट असेल, तर ते नशीब नव्हे. मार्चमध्येही बॅट आवरत नव्हती, तेव्हा त्याला आयोवातल्या खालच्या लीगच्या संघाकडे पाठवून स्विंगवर काम करायला लावणं रास्त होतं. ब्रायंटचे नऊ होम रन मात्र घाईने स्थिरावणाऱ्या जातीतले नव्हते. १७ एप्रिलला तो मेजर लीगमध्ये उतरला तेव्हा पहिल्या सामन्यात चार प्रयत्नांत शून्य हिट आणि तीन स्ट्राइकआउट. पहिल्या वीस सामन्यांत एकही होम रन नाही. पहिला होम रन आला ९ मे रोजी. हंगामाअखेर २६ होम रन, १९९ स्ट्राइकआउट आणि मेजर लीगच्या दोन शाखांपैकी नॅशनल लीगमधला सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार. मार्चचे ४० प्रयत्नही त्याचेच आणि ते कोरडे वीस सामनेही त्याचेच.

समोर कोण होतं, हाही प्रश्न आहेच. सराव सामन्यात नेहमीचे खेळाडू पाचव्या-सहाव्या डावानंतर बाहेर जातात आणि ऐंशी-नव्वदच्या घरातले क्रमांक पाठीवर असलेली खालच्या लीगची मुलं मैदानात येतात. पाहुण्या संघाने किमान चार नेहमीचे खेळाडू आणावेत असा नियमच आहे, यावरून एरवी कोण येत असेल याचा अंदाज करा. बेसबॉल रेफरन्स हे संकेतस्थळ म्हणूनच प्रत्येकाच्या प्रतिस्पर्ध्यांची प्रत दहाच्या मोजपट्टीवर देतं. १० म्हणजे मेजर लीग, ८ म्हणजे ट्रिपल-ए ही लगेच खालची पातळी, ७ म्हणजे डबल-ए ही तिच्याही खालची. फलंदाजाची सरासरी ०.३८० आणि ही प्रत साडेसात असेल, तर धावफलकावर सामन्याची वेळ पाहावी. बहुतेक हिट आठव्या-नवव्या डावातले निघतात.

पिचरच्या बाबतीत आकडे आणखी फसवे, कारण तो सामना जिंकायला आलेलाच नसतो. स्टार्टिंग पिचर पहिल्या सामन्यात एक-दोन डाव, पंचवीस-तीस चेंडू टाकतो. दर पाचव्या दिवशी पंधराएक चेंडू वाढवत मार्चअखेर ८५-९० पर्यंत जातो. डावात चेंडू जास्त झाले तर त्याला मध्येच बाहेर काढतात आणि पुढच्या डावात परत आणतात. हंगामात ज्याला मनाई आहे ते इथे चालतं. वर तो काहीतरी नवं घोटत असतो. हिवाळ्यात शिकलेला स्प्लिटर (ऐनवेळी खाली पडणारा चेंडू) एकाच डावात दहा वेळा टाकायचा, तीन चेंडू भिंतीपार गेले तरी टाकायचा. त्याच्या नावावर लागलेल्या धावा या त्या शिकवणीची फी असतात. जागा पक्की असलेल्याला ती परवडते. जागेसाठी झगडणाऱ्याला परवडत नाही, आणि इथेच दुखापती होतात. डोळ्यांत भरायचं म्हणून तो फेब्रुवारीतच पूर्ण जोर लावतो, हाताची ताकद त्या वेगापर्यंत पोचलेली नसते आणि ताण कोपराच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर येतो.

मग पिचर पारखायचा कशावरून? वेगावरून. इथे मात्र शितावरून भात कळतो. फास्टबॉलचा वेग नशिबाने वाढत नाही, दहा-पंधरा चेंडूंतच तो उघड होतो. क्रिकेटच्या पायचीतमुळे आपल्या ओळखीची असलेली हॉक-आय यंत्रणा २०२० पासून मेजर लीगच्या मैदानांवर बारा कॅमेऱ्यांनी प्रत्येक चेंडूचा वेग, फिरकी आणि वळण टिपते, आणि सरावाच्या अनेक मैदानांवरही अशी मापनं होतात. फेब्रुवारीत वेग ताशी मैल-दोन मैल कमी असणं नेहमीचंच, म्हणून तुलना त्याच पिचरच्या मागच्या फेब्रुवारीशी करावी. त्याच्या मागच्या सप्टेंबरशी केली तर उगाच काळजी वाटते. फलंदाजासाठी असाच भरवशाचा आकडा म्हणजे बॅटवरून सुटलेल्या चेंडूचा कमाल वेग. ताशी ९५ मैल, म्हणजे १५३ किलोमीटर, ओलांडला की तो जोरदार फटका मानतात. १८० किलोमीटरचा फटका मात्र कमकुवत मनगटातून चुकूनही निघत नाही. तो एकदा निघाला तरी ताकद आहे हे सिद्ध होतं.

हवेचाही हात असतो. फिनिक्सचा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० फुटांवर आहे. तिथली हवा फ्लोरिडाच्या किनाऱ्यापेक्षा जवळजवळ ४ टक्के विरळ आणि बरीच कोरडी. उडालेल्या चेंडूला अवरोध कमी, आणि फिरणाऱ्या चेंडूला वळवणारं बलही हवेच्या घनतेच्याच प्रमाणात कमी. त्यामुळे ॲरिझोनात फलंदाज भरात दिसतात, कर्व्हबॉल आळशी वाटतात. दोन राज्यांतले आकडे शेजारी मांडून तुलना करू नये.

एवढं सगळं मोजूनही शेवटची जागा बहुतेक वेळा नियमांच्या वहीवर ठरते. संघाची एक मोठी यादी असते, चाळीस जणांची. २६ जण याच यादीतून येतात. बाहेरून पाहुणा म्हणून शिबिराला आलेल्याने जागा जिंकली, तर चाळीसांतल्या कुणाचं तरी नाव खोडावं लागतं किंवा त्याला ६० दिवसांच्या जखमींच्या यादीत टाकावं लागतं. यादीतल्या तरुण खेळाडूला खाली पाठवण्याचे सहसा तीन ‘ऑप्शन’ संघाकडे असतात. एका हंगामात तो वीस किंवा जास्त दिवस खाली राहिला की एक ऑप्शन खर्च होतो, आणि २०२२ पासून एका हंगामात पाचपेक्षा जास्त वेळा खाली पाठवता येत नाही. तिन्ही संपले की त्याला खाली पाठवण्याआधी बाकीच्या संघांपुढे ठेवावं लागतं, आणि कुणीही त्याला उचलू शकतं. म्हणून दोन रिलीफ पिचर तुल्यबळ असतील, किंवा ऑप्शनवाला जरासा सरसही असेल, तरी जागा ऑप्शन संपलेल्यालाच मिळते. दुसरा खाली जातो, संघाकडे दोघेही राहतात आणि एप्रिलमध्ये कुणाचा तरी खांदा दुखावला की त्याला बोलावणं येतंच. मार्चअखेरच्या अनेक ‘धक्कादायक’ निर्णयांचा उलगडा या एका ओळीत होतो.

ब्रायंट तेव्हा त्या चाळीसांतही नव्हता, आणि त्याच्या बाबतीत तर दिवस मोजले गेले. मेजर लीगमध्ये १७२ दिवस भरले की एक वर्षाची सेवा धरली जाते आणि सहा वर्षं झाली की खेळाडू हव्या त्या संघाशी करार करायला मुक्त होतो. १७ एप्रिलला वर आल्यामुळे त्या हंगामात ब्रायंटचे १७१ दिवस भरले. एका दिवसाने संघाला त्याचं आणखी एक वर्ष मिळालं. खेळाडूने तक्रार केली, लवादाने २०२० मध्ये निकाल संघाच्या बाजूने दिला. मला हा निकाल नियमाला धरून आणि खेळाला मारक वाटतो. ज्याला संघातला सर्वोत्तम म्हणून सगळे ओळखतात त्याला दोन आठवडे बसमधून खालच्या लीगमध्ये फिरवणं हे त्या खेळाडूच्या आणि प्रेक्षकांच्याही वाट्याचं बेसबॉल हिरावणं आहे.

२०२२ च्या करारात यावर उपाय आला. सर्वोत्तम नवोदिताच्या पुरस्काराच्या मतदानात पहिल्या दोनांत आलेल्याला पूर्ण वर्षाची सेवा मिळते, मग तो केव्हाही वर आलेला असो. आणि नावाजलेल्या तरुणाला पहिल्या दिवसापासून संघात ठेवणाऱ्या संघाला, त्याने पुरस्कार जिंकल्यास, नव्या खेळाडूंच्या निवडीत एक जादा संधी मिळते. त्याच वर्षी सिॲटल मरिनर्सने हुलिओ रॉड्रिगेझला पहिल्या दिवशी मैदानात उतरवलं. एप्रिलभर त्याची सरासरी ०.२०५ च्या आसपास होती आणि होम रन एकही नव्हता. संघाने त्याला खाली पाठवलं नाही. पहिला होम रन १ मे रोजी आला, हंगामाअखेर २८ झाले आणि अमेरिकन लीगच्या सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार त्याला मिळाला. जादा संधी सिॲटलच्या पदरात पडली.