आधी काय, मग काय, आणि किती?

सनस्क्रीन, मॉइश्चरायझर आणि मेकअप एकावर एक लावताना : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या काउंटरवर दिवसातून चार-पाच वेळा तरी कुणीतरी विचारतं, “ताई, यातलं आधी काय लावायचं?” गर्दीत एका हातात बिलबुक आणि दुसऱ्या हातावर लिपस्टिकच्या तीन शेड, अशा अवस्थेत आम्ही “आधी मॉइश्चरायझर, मग सनस्क्रीन, मग मेकअप” एवढं सांगून मोकळ्या होतो. उत्तर बरोबर असतं, पण अर्धं असतं. महिन्याभराने त्याच ताई येऊन सांगतात, चेहऱ्यावर वळ्या सुटतात, फाउंडेशन फाटतं, आणि एवढं करून काळवंडायचं ते काळवंडलंच. म्हणून राहिलेलं अर्धं उत्तर इथे छापलं आहे.

क्रम

चेहरा धुतल्यावर पाणी टिपून घ्या, खसाखसा पुसू नका. त्वचा किंचित ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावलं तर ती ओल टिकते. सीरम वापरत असाल तर ते मॉइश्चरायझरच्या आधी. मॉइश्चरायझरवर सनस्क्रीन आणि सनस्क्रीनवर मेकअप. प्राइमर हा मेकअपच समजा, तो सनस्क्रीनच्या वर येतो. डॉक्टरांनी दिलेलं मलम असेल तर ते कधी लावायचं हे डॉक्टरांनाच विचारा. तिथे आम्ही आमची अक्कल चालवत नाही.

सनस्क्रीनचा चेहऱ्यावर सलग पापुद्रा बसावा लागतो, म्हणून त्याची जागा ठरलेली. त्यावर नंतर मॉइश्चरायझर चोळलं की तो पापुद्रा जागोजागी विरतो. भिंतीचा रंग ओला असताना त्यावर लांबीची, म्हणजे पुट्टीची, पट्टी फिरवली तर जे होईल तेच इथे होतं.

चेहरा तेलकट असेल तर पावसाळ्यात, बडोद्याच्या त्या दमट हवेत, सकाळचं मॉइश्चरायझर वगळलं तरी चालतं. क्रीमसारखी सनस्क्रीन स्वतःच पुरेसा ओलावा देतात. हे सांगून आमची एक बाटली कमी खपते, पण चिकचिक होतं म्हणून तुम्ही सनस्क्रीनच सोडून द्यावं, त्यापेक्षा हे बरं.

माप : खरी चूक इथे होते

क्रम थोडा इकडेतिकडे झाला तर थोडं बिघडतं. मापात काटकसर केली तर क्रम कितीही बरोबर असून फारसा उपयोग नाही.

ट्यूबवर छापलेला एसपीएफचा, म्हणजे ऊन किती अडतं ते सांगणारा, आकडा प्रयोगशाळेत मोजतात, तेव्हा त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम सनस्क्रीन लावलेलं असतं. चेहरा, कान आणि मान धरली तर हे साधारण सव्वा ग्रॅम भरतं. घरी कुणी काटा घेऊन बसत नाही, म्हणून सोपं माप असं : तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत सनस्क्रीनची एकेक रेघ काढा. बहुतेक जणी काढतात तो हरभऱ्याच्या दाण्याएवढा ठिपका, आणि तोही मानेपर्यंत पोचवतात.

हिशेब करून पाहा. ट्यूब ५० ग्रॅमची, रोज सव्वा ग्रॅम, म्हणजे ४० दिवस. “तुमची ट्यूब छान पुरते हो, चार महिने चालली” असं कौतुक कुणी केलं की आम्हालाच ओशाळायला होतं. चार महिने चालली म्हणजे रोज तिसरा हिस्सा लागला, आणि तिसऱ्या हिश्श्यात एसपीएफ ५० चं संरक्षण मिळत नाही, कितीतरी खाली येतं. यावर एका काकूंनी आम्हाला सरळ ऐकवलं होतं, “तुमचा खप वाढवायचे धंदे!” शंका रास्त आहे. म्हणून आमचा सल्ला : महागडी छोटी ट्यूब जपून वापरण्यापेक्षा स्वस्तातली मोठी घ्या आणि सढळ हाताने लावा.

दोन्ही रेघा एकदम थापल्या तर चेहरा पिठात घातल्यासारखा दिसतो. एक रेघ पसरा, दोन मिनिटं थांबा, मग दुसरी. कान, कानामागची जागा, केस वर बांधले की उघडी पडणारी मानेची मागची बाजू, आणि मोठ्या गळ्याच्या ब्लाउजमधून दिसणारी पाठ या जागा हमखास राहतात.

आकड्यांबद्दल थोडं. एसपीएफ ३० नीट लावलं तर भाजणाऱ्या किरणांपैकी, म्हणजे यूव्हीबीपैकी, साधारण ९७ टक्के अडतात आणि ५० ने ९८ टक्के. तेव्हा ५० घेऊ की ७० यावर डोकं शिणवू नका. त्याऐवजी शेजारचं पीए बघा. त्वचा काळवंडण्यात आणि अकाली सुरकुत्या पडण्यात यूव्हीए किरणांचा मोठा हात असतो, आणि त्यांची माहिती एसपीएफ देत नाही, पीएपुढची अधिकची चिन्हं देतात. चार चिन्हं म्हणजे सगळ्यात वरचा दर्जा. तीन असली तरी रोजच्याला पुरे.

वळ्या का सुटतात

अंघोळीच्या वेळी मळ निघावा तशा बारीक वळ्या चेहऱ्यावर सुटतात आणि दोष ट्यूबला जातो. बऱ्याचदा दोष घाईचा असतो. खालचा थर बसायच्या आत वरचा चोळला की दोन्ही गोळा होऊन निघतात. मॉइश्चरायझर वाटाण्याएवढंच घ्या आणि पाच मिनिटं जाऊ द्या. सनस्क्रीननंतर पंधरा मिनिटं.

सकाळी एवढा वेळ कुणाकडे असतो, हा पुढचा प्रश्न. आरशासमोर उभं राहून वाट बघायची गरज नाही. मॉइश्चरायझर लावा आणि डबे भरायला घ्या. सनस्क्रीन लावा आणि साडी नेसायला घ्या. निऱ्या बसेपर्यंत सनस्क्रीनही बसतं. फक्त हात आधी धुवा. काही सनस्क्रीनमध्ये अॅव्होबेंझोन असतं, त्याचा पाण्यातल्या लोहाशी संबंध आला की पांढऱ्या कपड्यावर गंजासारखे पिवळट डाग राहतात, आणि बोअरच्या पाण्यात ते आणखी हट्टी होतात.

फाउंडेशन घासून पसरू नका. ओला करून पिळलेला स्पंज घ्या आणि थापटत लावा, म्हणजे खालचा पापुद्रा हलत नाही. एवढं करूनही वळ्या येत असतील तर जोडी जमत नाही असं समजा. सिलिकोन भरपूर असलेल्या सनस्क्रीनवर किंवा प्राइमरवर पाण्यासारखं पातळ फाउंडेशन अनेकदा टिकत नाही. घटकांच्या यादीत डायमेथिकोन अगदी सुरुवातीला दिसलं तर ते सिलिकोन. विकत घेण्याआधी दोन्ही एकावर एक मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. काउंटरवर टेस्टर त्यासाठीच आहेत.

सनस्क्रीन आणि फाउंडेशन तळहातावर कालवून एकदम लावायची एक टूम निघाली आहे. ती नको. कालवल्यावर सनस्क्रीन पातळ होतं आणि पापुद्रा कुठे किती बसला याचा पत्ता राहत नाही. एसपीएफ लिहिलेल्या कॉम्पॅक्टवरही एकट्यावर विसंबू नका. छापलेला आकडा मिळायला पावडर इतकी लावावी लागेल की घरचे ओळखणार नाहीत.

दुपारी, मेकअपवरूनच

उन्हात असाल तर दर दोन तासांनी सनस्क्रीन पुन्हा लावायचं असतं, घाम आला तर त्याआधीही. अलकापुरीच्या ऑफिसात खिडकीपासून दूर बसून दिवस जात असेल तर सकाळचा हात आणि दुपारी बाहेर पडण्याआधीचा हात एवढं चालतं. खिडकीलगत बसत असाल तर सांभाळा. साधी काच यूव्हीबी अडवते, यूव्हीए बऱ्यापैकी आत सोडते. गाडीच्या बाजूच्या काचांचंही तेच.

मेकअपवर सनस्क्रीन लावायचं कसं? आधी टिश्यूने किंवा स्वच्छ रुमालाने तेल आणि घाम टिपून घ्या. स्पंजवर सनस्क्रीन घेऊन कपाळ, गालांची हाडं, नाक, वरचा ओठ अशा क्रमाने हलकं थापटा, ओढू नका. मग हवं तर कॉम्पॅक्टचा एक हात. हा प्रकार थोडा त्रासाचा आहे हे आम्हीही मान्य करतो. स्प्रे आणि पावडर सनस्क्रीन सोयीची वाटतात, पण त्यांनी जेमतेम थर बसतो. ती भर म्हणून ठीक. आणि घामाने सगळं ओघळलंच असेल तर लाज न बाळगता चेहरा धुवून पहिल्यापासून सुरू करा.

सूरसागरच्या काठाने भर दुपारी स्कूटरवरून जाणाऱ्या मुली ओढणीची बुकाणी बांधतात, म्हणजे डोकं-तोंड गुंडाळून घेतात, ते चांगलंच आहे. फक्त पातळ पांढऱ्या ओढणीतून ऊन बरंच आत येतं. गडद रंगाची, घट्ट विणीची ओढणी जास्त अडवते. बुकाणी सोडताना कापडाबरोबर सनस्क्रीनही पुसलं जातं, तेव्हा पोचल्यावर नाकावर आणि गालांवर पुन्हा एक हात मारा.

टिकलीचं काय करायचं?

सनस्क्रीन लावल्यापासून टिकली टिकत नाही, ही तक्रार आम्ही इतक्यांदा ऐकली आहे की तिला स्वतंत्र जागा देणं भाग आहे. टिकलीची जागा टिश्यूने कोरडी टिपून घ्या, त्यावर बोटाच्या टोकाने किंचित पावडर लावा आणि मग टिकली. टिकलीखाली ऊन पोचत नाही, त्यामुळे तेवढ्या जागेवर सनस्क्रीन नसलं तरी चालतं. मात्र टिकलीखाली खाज येत असेल किंवा पांढरट डाग दिसू लागला असेल तर टिकली लगेच बंद करा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. काही टिकल्यांच्या डिंकातल्या रसायनाने असा डाग पडतो. तो सनस्क्रीनचा दोष नसतो.

उत्तरायण आणि नवरात्र

मे महिन्यात सनस्क्रीन सगळेच मागतात. आमच्या अनुभवात चेहरे सर्वात जास्त रापतात ते जानेवारीत, १४ आणि १५ तारखेला, उत्तरायणाच्या पतंगांच्या वेळी. सकाळपासून गच्चीवर, हवा गार, हातात फिरकी, कुणाला ऊन जाणवतच नाही. पण गारव्याने अतिनील, म्हणजे यूव्ही, किरण कमी होत नाहीत. त्यांचा निर्देशांक ३ झाला की जपायला सुरुवात करावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि जानेवारीच्या दुपारी तो आपल्याकडे ६ च्या आसपास असतो. मे-जूनमध्ये ११ च्याही वर जातो, कारण कर्कवृत्त बडोद्याच्या थोडं उत्तरेला आहे आणि सूर्य वर्षातून दोनदा आपल्या अगदी डोक्यावर येतो. पतंगाकडे बघायला मान वर केली की हनुवटीखालची आणि गळ्याची, एरवी सावलीत राहणारी जागा उन्हात येते. टोपीही तिथे उपयोगी पडत नाही. त्या दिवशी सनस्क्रीन गळ्यापर्यंत लावा, ओठांना एसपीएफ असलेला बाम लावा आणि उंधियू-जिलबीला खाली उतराल तेव्हा पुन्हा एक हात फिरवा. मेकअप त्या दिवशी नकोच.

गरब्याचं उलट आहे. “नवरात्रात सनस्क्रीन कोणतं लावू?” असं विचारणाऱ्या मुलीला आम्ही काही विकत नाही. गरबा रात्री असतो, तिथे सनस्क्रीनचं काम नाही. हलकं मॉइश्चरायझर, मग प्राइमर, पातळ फाउंडेशन आणि घामात टिकणारं काजळ, बस. पण रात्री दोन वाजता घरी येऊन मेकअपसकट झोपू नका. आधी तेलाच्या क्लेन्झरने किंवा मिसेलर वॉटरने मेकअप काढा, मग फेसवॉश. खोबरेलाने मेकअप सुरेख निघतो, पण मुरुमं येणाऱ्या चेहऱ्याला ते नको.

वांग असेल तर

गालांवर, कपाळावर तपकिरी पट्टे, म्हणजे वांग, असलेल्या बायका गोरं दिसायचं क्रीम मागतात. त्यांच्यासाठी रंगछटा असलेलं सनस्क्रीन जास्त कामाचं. त्यातल्या आयर्न ऑक्साइडमुळे डोळ्यांना दिसणारा प्रकाशही काही प्रमाणात अडतो, आणि आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर वांग गडद होण्यात त्या प्रकाशाचाही हात असतो. शिवाय झिंक ऑक्साइडच्या साध्या सनस्क्रीनने चेहरा राखाडी दिसतो, तसा यात दिसत नाही. फाउंडेशनची गरजही कमी लागते.

आठ दिवसांत उजळवणारी, लेबल नसलेली किंवा नुसत्या डबीत भरलेली क्रीम कुठूनही घेऊ नका. अशा क्रीममध्ये स्टेरॉइड किंवा पारा सापडतो. स्टेरॉइडने त्वचा पातळ होते, केस उगवतात, आणि बंद केल्यावर चेहरा लालबुंद होतो. अनेक स्टेरॉइड क्रीम २०१८ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे. पारा तर सौंदर्यप्रसाधनात घालायलाच मनाई आहे. खऱ्या मालावर बनवणाऱ्याचा परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटकांची यादी आणि मुदत छापलेली असते. मुदत संपलेलं सनस्क्रीन चेहऱ्याला लावू नका, आणि गाडीच्या डिकीत तापलेली ट्यूब मुदतीतली असली तरी आम्ही स्वतः वापरणार नाही.

दुकानात येताना

जोडी जमत नसेल तर घरी वापरता त्या सगळ्या ट्यूब आणि बाटल्या पिशवीत घालून घेऊन या, आमच्याकडून घेतलेल्या असोत वा नसोत. मंगळवार ते शुक्रवार दुपारी चारनंतर गर्दी कमी असते, तेव्हा निवांत बघता येतं. अर्ध्या चेहऱ्यावर एक जोडी, अर्ध्यावर दुसरी लावून देऊ, तुम्ही बाजारात एक फेरी मारून या आणि उजेडात आरसा बघा. येताना चेहरा धुवून, मेकअप न करता या, आणि बुकाणी बांधली असेल तर ती दारातच सोडा.