सिलिंडर गळला म्हणून विहीर नासत नाही

निफाडकडच्या मळ्यांत एक समज घट्ट बसलाय: गॅस गळला की माती नासते, विहीर बाटते. हे खरं नाही. स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन हे दाबाखाली द्रव केलेले वायू असतात. प्रोपेन उणे 42 अंशांनाच उकळतो, त्यामुळे नाशिकच्या कडाक्याच्या थंडीतही बाहेर पडताच त्याची वाफ होते; डिझेलसारखा तो जमिनीत मुरत नाही. शेवटी हेही खनिज इंधनच, कार्बन सुटतोच. पण तेवढ्याच उष्णतेसाठी कोळशापेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, आणि चुलीसारखा डोळे जाळणारा धूर नाही. भीती बाळगायची ती आगीची! हा गॅस हवेपेक्षा जड, खोलगट जागी साचतो. वास आला तर आधी रेग्युलेटर बंद करा, दारं उघडा. दिव्याच्या बटणाला हात लावू नका.