बुरशी लागलेली कॅमेऱ्याची जुनी लेन्स फेकूनच द्यावी का?

'एका लेन्सला बुरशी लागली की शेजारच्या सगळ्या लेन्सना लागते, म्हणून ती घरातच ठेवू नका,' असा सल्ला वर्षानुवर्षे फिरतोय. काळजी समजण्यासारखी आहे, पण कारण वेगळं आहे.

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, अगदी नव्या कोऱ्या लेन्सवरही. ते रुजतात ते दमटपणामुळे. आर्द्रता बराच काळ ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली, जशी कोकणात पावसाळ्यात राहते, की शेजारी बुरशी नसतानाही ती उगवते. म्हणून हवाबंद डब्यात सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४०-५० च्या आसपास हवा. (चामडी पेटी मात्र नको, ती ओल धरते.)

तपासायचं असेल तर अ‍ॅपर्चर (लेन्समधलं लहान-मोठं होणारं छिद्र) पूर्ण उघडून मागून तिरकी टॉर्च मारा. फांद्या फुटलेले कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू म्हणजे बुरशी. सुटे ठिपके बहुतेक धूळच.

कुक स्पीड पॅनक्रोसारख्या जुन्या सिनेमा लेन्सची काच नव्या धातूच्या नळीत बसवतात, तेव्हा भाग सुटे करून साफ करता येतात. वरवरची बुरशी तेव्हा निघते. काचेवरचा पातळ थर, म्हणजे कोटिंग, खाल्लं गेलं असेल तर डाग राहतो आणि उजेडासमोर कॉन्ट्रास्ट (उजळ-गडद भागांतला फरक) घटतो. जुनी लेन्स विकत घेताना तेवढं बघूनच भाव ठरवा.