बांधकाम खर्चनियंत्रण

बांधकाम खर्चनियंत्रण : इमारतीची मजबुती, टिकाऊपणा व सोय यांना धक्का न लावता तिच्यावरील खर्च कमी करण्याची पद्धत. आराखड्यापासून निविदेपर्यंत आणि खरेदीपासून देखरेखीपर्यंत तिचा पसारा असला, तरी बचतीचा मोठा वाटा पाया खणण्याआधीच ठरून जातो. काम सुरू झाल्यावर हाताशी उरते ती मुख्यतः नासाडी रोखण्याची संधी. त्या टप्प्यावर याहून मोठी बचत कोणी दाखवत असेल, तर ती कशातून येते हे तपासून पाहावे.

या विचाराला शास्त्राचे रूप मिळाले ते ‘मूल्य अभियांत्रिकी’मुळे. दुसऱ्या महायुद्धात कच्च्या मालाचा तुटवडा पडल्याने अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीला पर्यायी साहित्य वापरावे लागले आणि काही पर्याय मूळ साहित्यापेक्षा स्वस्त असूनही सरस निघाले. तेथील अभियंता लॉरेन्स माइल्स याने १९४७ च्या सुमारास त्यातून मूल्य विश्लेषणाची पद्धत बांधली. १९५४ मध्ये अमेरिकी नौदलाच्या जहाजबांधणी विभागाने ती ‘मूल्य अभियांत्रिकी’ या नावाने स्वीकारली. पुढे ती बांधकामातही रुळली. एखादी वस्तू नेमके कोणते काम करते आणि ते काम आणखी कशाने भागेल, एवढाच तिचा गाभा. दोन खोल्यांमधल्या, भार न पेलणाऱ्या भिंतीचे काम आडोशाचे व आवाज अडवण्याचे. तेथे विटांऐवजी हलके ब्लॉक चालत असतील तर भिंतीचा भार घटतो, आणि त्यामुळे खालचा बीम, कॉलम व पाया यांचाही खर्च उतरतो. हल्ली मात्र ठरलेले साहित्य काढून हलक्या प्रतीचे बसवणे, यालाही सर्रास हेच भारदस्त नाव दिले जाते.

इमारतीचा आकार हा खर्चाचा पहिला धनी. १० × १० मी. आणि ५ × २० मी. या दोन्ही आराखड्यांचे क्षेत्रफळ १०० चौ. मी.च आहे, पण पहिल्याला ४० मी. बाह्य भिंत लागते, दुसऱ्याला ५० मी. भिंत वाढली की तिच्याखालचा पाया, दोन्ही बाजूंचा गिलावा आणि रंगही वाढतो. कॉलममधले अंतरही असेच महाग पडते. भार तोच ठेवून साध्या आधारांवरील बीमचा गाळा (दोन आधारांमधले अंतर) ४ मी.वरून ५ मी. केला, तर त्यावरील नमन-आघूर्ण (बीमला वाकवणारा परिणाम) दीडपटीहून अधिक होते, कारण ते गाळ्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. स्नानगृहे एकावर एक घेतल्यास नळकाम आखूड होते. कॉलमचे आकार मोजकेच ठेवल्यास शटरिंगच्या (काँक्रीटच्या साच्याच्या) त्याच फळ्या पुन्हा पुन्हा वापरता येतात.

साहित्यात सहज वाया जाते ती सळई. समजा, ४.१ मी.चे २० आणि ३.८ मी.चे १० तुकडे हवे आहेत व सळई १२ मी.ची आहे. दोन्ही मापे वेगवेगळी कापली तर १० आणि ४ अशा १४ सळया लागतात. पण एका सळईतून ४.१ मी.चे दोन तुकडे घेतले की नेमके ३.८ मी. उरतात, म्हणजे १० सळयांतच काम होते. त्यासाठी सळयांचा तक्ता कापणी सुरू होण्याआधी तयार हवा, आणि तो सळई कापणाऱ्याच्या हातात हवा.

वाळूचे गणित फसवे असते. ओलसर वाळूच्या कणांभोवती पाण्याचा पातळ थर बसून कण एकमेकांपासून दूर राहतात. ५-६ टक्के ओलाव्याला तिचे आकारमान २० ते ३० टक्के, बारीक वाळूचे त्याहूनही जास्त फुगते. मोजपात्रात २०० मि.लि. खुणेपर्यंत ओलसर वाळू भरून ती पाण्याखाली नीट ढवळली आणि १६० वर बसली, तर फुगवटा २५ टक्के. घनमापाने खरेदी करणारा अशा वेळी हवेचेही पैसे मोजतो. शिवाय फरा (मोजमापाची पेटी) भरून मिश्रण करताना वाळू कमी पडून सिमेंटचा हिशेब चुकतो.

सिमेंटचा काही भाग औष्णिक वीजकेंद्रातील उडत्या राखेने (फ्लाय ॲश) किंवा लोखंडाच्या झोतभट्टीतील धातुमळीने (स्लॅग) बदलता येतो. असे काँक्रीट पुढे चांगली ताकद घेते, मात्र सुरुवातीला सावकाश. तेव्हा सेंट्रिंग (ओल्या काँक्रीटखालचे टेकू) काढण्याची घाई केल्यास हिशेब अंगावर येतो.

काही ठिकाणी हात आखडता घेऊ नये. मातीपरीक्षण, सळईवरचे कव्हर (तिला झाकणारा काँक्रीटचा थर), जलरोधन आणि क्युरिंग (काँक्रीट ओले ठेवणे) ही त्यांतली मुख्य. कव्हर अपुरे असले की ओलावा व हवा सळईपर्यंत लवकर पोहोचतात. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापत असल्याने काँक्रीट आतून फुटते. मिश्रण सहज पसरावे म्हणून त्यात जादा पाणी ओतणे ही वरवर फुकटची सोय. पण पाणी-सिमेंट गुणोत्तर वाढले की ताकद घटते, हे अमेरिकी संशोधक डफ एब्रम्स याने १९१८ मध्येच दाखवून दिले होते.

निविदांमध्ये सर्वांत कमी दर हाच निकष ठेवला, तर बचत बहुधा कागदावरच राहते. नकाशे अपुरे असताना दर मागवले असतील, तर ठेकेदार सुरुवातीला कमी भरतो आणि पुढे प्रत्येक बदलाचे ‘जादा काम’ म्हणून बिल लावतो. त्यामुळे तपशीलवार नकाशे आणि परिमाणांचा तक्ता (कोणते काम किती, याची यादी) यांवर आधी केलेला खर्च बहुतेक वेळा ही बिले टळल्याने वसूल होतो.