ट्रेलरभार पडताळणी

मोटारीमागे राहण्याचा ट्रेलर (कॅरॅव्हॅन) जोडण्यापूर्वी मोटार, ट्रेलर, आस, टायर व हिच (मोटार व ट्रेलर जोडणारा सांधा) यांवरील भार उत्पादकाने ठरवलेल्या मर्यादेत आहे की नाही, हे पाहण्याची रीत. मुख्यतः उत्तर अमेरिका व यूरोपात रूढ.

जाहिरातीत झळकतो तो ‘ओढक्षमते’चा आकडा. अमेरिकेत पूर्वी तो प्रत्येक कारखाना आपापल्या रीतीने काढी. 2008च्या सुमारास तेथील वाहन अभियंत्यांच्या संस्थेने (एसएई) जे-2807 ही सामाईक चाचणी आखली. टोयोटाने ती 2011च्या मॉडेलांपासून स्वीकारली, इतर मोठे उत्पादक मागाहून आले. ॲरिझोनातील डेव्हिस धरणाजवळचा सुमारे 18 किमी.चा चढ तिच्यासाठी प्रमाण धरतात : सुमारे 38° से. उष्म्यात, वातानुकूलन पूर्ण चालू ठेवून, भरलेली जोडगाडी (मोटारीला मागे दोनच चाके असल्यास) ताशी 64 किमी.च्या खाली येता कामा नये. चाचणी ऐच्छिक आहे. मात्र तीत मोटारीत दोनच माणसे, प्रत्येकी 68 किग्रॅ. वजनाची धरतात. कुटुंबकबिल्यासह निघणाऱ्याचा हिशेब चुकतो तो येथेच.

ट्रेलरच्या दांड्याचा भार मोटारीवर पडतो. अमेरिकेत तो ट्रेलरच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के असावा असे मानतात. कमी पडल्यास ट्रेलर मागे झोलू लागतो. बैलगाडीवाल्यांना हे नवे नाही. पुढे भार जास्त झाल्यास गाडी धुरजड, मागे झाल्यास उलाळ. 3,000 किग्रॅ. ट्रेलरचा 12 टक्के भार 360 किग्रॅ. होतो. मोटारीच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीत माणसे व सामान मिळून 640 किग्रॅ.ची मर्यादा असेल, आणि माणसे-सामान 300 व हिच 40 किग्रॅ. भरत असेल, तर उरतात 300. म्हणजे ओढक्षमता 4,000 किग्रॅ. असूनही मोटार 60 किग्रॅ.ने जड झाली. म्हणून ओढक्षमतेआधी ही पट्टी वाचावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

माहितीपत्रकातील ट्रेलरचे ‘कोरडे’ वजनही फसवे असते. त्यात पाणी नसते (150 लिटरची टाकी म्हणजे 150 किग्रॅ.), भांडीकुंडी व अंथरुणे नसतात.

खरे वजन काट्यावरच कळते. इंधन व माणसांसह मोटार एकदा एकटी, एकदा ट्रेलर जोडून काट्यावर घेतात. ट्रेलरची चाके वगळून मोटारीच्या दोन्ही आसांवर वाढलेला भार हाच दांड्याचा भार. भार पुढच्या आसाकडे वाटणारी हिच असल्यास या मोजणीपुरती ती सैल ठेवतात.

यूरोपात दांड्याचा भार 5 ते 7 टक्केच सुचवतात. तेथील ट्रेलरांची रचना व वेगमर्यादा निराळ्या असल्याने दोन्ही आकडे एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. ब्रिटनमध्ये भरलेला ट्रेलर मोटारीच्या रिकाम्या वजनाच्या 85 टक्क्यांपर्यंत असावा असा सल्ला देतात. तो कायदा नव्हे.