अध्ययन अक्षमता : वर्गातील साहाय्य

अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना इतरांबरोबर एकाच वर्गात शिकता यावे, यासाठी अध्यापनात, साहित्यात व मूल्यमापनात केलेले बदल. बुद्धी, दृष्टी व श्रवण ठीक असून आणि शिकण्याची संधी मिळूनही काही मुलांना वाचन, लेखन किंवा अंकगणित जमत नाही. यांना अनुक्रमे डिसलेक्सिया, डिसग्राफिया व डिस्कॅल्क्युलिया म्हणतात. एकाच मुलात दोन अडचणी आढळणे नवलाचे नाही.

इंग्रज डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६ मध्ये १४ वर्षांच्या एका मुलाची नोंद प्रसिद्ध केली. ७४९ गुणिले ८६७ हे गणित त्याने झटपट व अचूक सोडवले, पण साधे शब्द त्याला वाचता येत नव्हते. सगळे शिक्षण तोंडी असते, तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. आजच्या सवलतींचे मूळ सूत्र या मतात आहेच : विषय कळण्याच्या आड वाचन येऊ देऊ नये. त्यासाठी धडा ऐकवणे, फळ्यावरचा मजकूर आयता छापून देणे, तोंडी उत्तर स्वीकारणे, परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक देणे असे उपाय योजतात. फळ्यावरून उतरवून घेण्यात तर अशा मुलाचा निम्मा तास जातो आणि हाती अर्धवट वही उरते.

मात्र सवलतीने वाचन येत नाही. ते वेगळे शिकवावे लागते. वाचनातील अडचणीचे कारण बहुधा डोळ्यांत नसून शब्दातले ध्वनी सुटे करण्यात असते. म्हणून ध्वनी व अक्षर यांचा संबंध सोप्याकडून अवघडाकडे, उघडपणे आणि भरपूर उजळणीसह शिकवतात. अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन व ॲना गिलिंगहॅम यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घडवलेली पद्धत याच धाटणीची आहे. लिपीनुसार अडचणीचे रूप पालटते. इंग्रजीत अनियमित स्पेलिंगमुळे चुका फार होतात. फिनिशसारख्या नियमित लेखनाच्या भाषेत मूल बरोबर वाचते, पण फार सावकाश. म्हणून केवळ चुका मोजणारी चाचणी तिथे अपुरी पडते.

प्रत्येकाची शिकण्याची शैली, म्हणजे कुणी पाहून तर कुणी ऐकून शिकणारा, ओळखून तसे शिकवावे हा लोकप्रिय समज संशोधनात टिकलेला नाही.

लेखनिक किंवा संगणक ऐन परीक्षेत प्रथमच दिल्यास उपयोग थोडा होतो. मजकूर सांगून लिहवून घेणे हेही एक कौशल्य असल्याने त्याचा सराव वर्षभर वर्गातच करून घेतात.