फ्रीजमधला वास नेमका येतो कुठून?

काचेच्या फळ्या लख्ख पुसल्या, भाजीचा ट्रे घासला, तरी दोन दिवसांत दार उघडताच तोच कुबट भपका. अशा वेळी दोष बहुधा फडकं पोहोचत नाही तिथे असतो: पाणी वाहून जाण्याचं भोक, दाराचं रबर आणि मागचा पाण्याचा ट्रे. सांगली-साताऱ्याकडे पावसाळ्यात हा त्रास वाढतो. दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत शिरते, थंड भिंतीवर तिचं पाणी होतं आणि त्या ओलीवर बुरशी धरते. थंडीने जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ फक्त मंदावते. लिस्टेरिया नावाचा जंतू तर ४ अंश सेल्सिअसलाही वाढतो.

सफाईआधी प्लग काढावा. दूध, दही, शिजवलेलं अन्न बर्फ घातलेल्या मोठ्या पातेल्यात ठेवावं आणि काम दोन तासांत उरकावं. सिंगल डोअर फ्रीजच्या फ्रीजरमध्ये बर्फाचा थर ५-६ मिलिमीटर झाला की तो वितळवायला हवा, कारण बर्फ उष्णता नीट जाऊ देत नाही आणि कॉम्प्रेसरला जास्त वेळ चालावं लागतं. घाई असेल तर आत कोमट पाण्याचं भांडं ठेवावं. सुरी किंवा उलथनं मुळीच लावू नये. पातळ पत्र्याखालीच गॅसची नळी असते. तिला भोक पडलं तर दुरुस्ती महाग पडते, शिवाय बऱ्याच नव्या फ्रीजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन हा वायू असतो आणि तो पेट घेतो.

आतून पुसायला एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा पुरे. काचेच्या फळ्या थंडगार असताना गरम पाण्याखाली धरू नयेत, तडकतात. आधी त्या खोलीच्या तापमानाला येऊ द्याव्यात. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र करणं तर धोक्याचं, त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

हळदीच्या सांगलीत पिवळ्या डागांबद्दल बोलायलाच हवं. आमटी सांडलेल्या पांढऱ्या प्लास्टिकवर साबण लावला की डाग लालसर होतो आणि काहीतरी बिघडलं असं वाटतं. बिघडलेलं काही नसतं. हळदीतलं कर्क्युमिन हे पिवळं रंगद्रव्य साबणासारख्या अल्कलीत लाल होतं, एवढंच. ते पाण्यात जवळपास विरघळत नाही, म्हणून घासून दमायला होतं. पण उन्हात मात्र ते मोडतं. धुतलेला ट्रे काही तास उन्हात ठेवावा, डाग फिकटतो.

आता मुख्य जागा. सिंगल डोअर फ्रीजमध्ये वितळलेलं पाणी मागच्या बाजूच्या भोकातून नळीवाटे कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये जातं आणि तिथल्या उष्णतेने सुकतं. सांडलेलं दूध किंवा कोथिंबिरीचा पाला याच वाटेत अडकतो. मग पाणी खालच्या भाजीच्या ट्रेखाली साचतं. मऊ वायर किंवा कापसाची काडी फिरवून भोक मोकळं करावं, सोड्याचं कोमट पाणी पिचकारीने सोडावं आणि मागचा ट्रे निघत असेल तर काढून धुवावा. फ्रॉस्ट-फ्री डबल डोअरमध्ये ही वाट पॅनलमागे लपलेली असते. तिथे मेकॅनिकच बरा.

दाराच्या रबराच्या घड्या जुन्या टूथब्रशने, साबणाच्या पाण्याने साफ कराव्यात आणि पूर्ण कोरड्या कराव्यात. नंतर कागदाचा कपटा दारात धरून दार लावावं. ओढताना तो सहज निसटला तर तिथून हवा आत येते. वाकलेलं रबर गरम पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने शेकलं की पुष्कळदा पुन्हा बसतं. चिरलेलं असेल तर बदलणंच आलं.

वाटीभर सोडा ठेवण्याचा सल्ला सगळेच देतात. आंबट दुधासारख्या आम्लधर्मी वासावर त्याचा थोडा उपयोग होतो. कांदा-लसणाच्या गंधकयुक्त वासावर तो फारसा चालत नाही. तिथे सक्रिय कोळसा चांगला, कारण त्याच्या असंख्य सूक्ष्म छिद्रांवर वासाचे रेणू चिकटतात. चुलीतला साधा कोळसा त्याची बरोबरी करत नाही. पण वास पसरूच न देणं अधिक सोपं. हे वासाचे रेणू स्निग्ध पदार्थांत सहज विरघळतात. तूप कढवण्यासाठी आठवडाभर साय साठवणाऱ्या घरात चिरलेला कांदा उघडा राहिला, तर त्याचा वास सायीला लागतो. सायीच्या डब्याला घट्ट झाकण हवंच.

तापमान खालच्या खणात ४ अंश किंवा कमी, फ्रीजरमध्ये उणे १८ असावं. वीज गेली तर दार बंद ठेवल्यास फ्रीज साधारण चार तास थंडावा धरतो. गच्च भरलेला फ्रीजर जवळपास ४८ तास, अर्धा भरलेला २४. यात्रेला किंवा लग्नाला बरेच दिवस घर बंद राहणार असेल आणि फ्रीजही बंद ठेवायचा असेल, तर तो रिकामा करून कोरडा पुसावा आणि दारात घडी केलेला टॉवेल अडकवून फट ठेवावी.